डोंग्यात कोणाचा फोन जाईल

"माय, ह्या फोनची किंमत माहीत आहे का तुले?"

माझा मुलगा देवराम गुडघाभर पाण्यात उभा राहून मला विचारत होता. एका हातात डोंग्याची दोरी, दुसऱ्या हातात फोन. "वेणूच्या फोनसारखे पाच फोन येतीन ह्यात."

"पाच कायले, दहा येऊ दे," मी म्हटलं. "मले एकच पायजे. जो बोंबलते तो."

मागे दोन डोंगे तयार होते. माझा दीर किसन आणि शेजारचा फागो वल्ही मांडीवर आडवी टाकून ऐकत बसले होते. फुकटचा तमाशा कोण सोडतो? माझी सून वेणू माझ्या मागे उभी होती. तिचा फोन माझ्या हातात होता. गुलाबी कव्हरचा, काचेला कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तडा गेलेला. भाद्रपदातली सकाळ, ऊन चक्क पडलेलं आणि वैनगंगेचं पाणी मला नको त्या रंगाचं दिसत होतं.

भांडण इथवर कसं आलं ते सांगते. आमच्या घाटावर पूर्वी जाळ्यांचे किस्से साचायचे, माशांचे साचायचे. आता दोन माणसं जाळं सुकवायला बसली, की तिसरं वाक्य फोनचं असतं. त्यातल्या निम्म्या किस्श्यांत आमचं घर आहे. लोक ते सांगतात आणि हसतात. मीही हसायची. या साली मात्र माझं हसणं थांबलं.

*

आधी माझं सांगते, म्हणजे कोण बोलून राहिली ते कळेल.

मी सगुणा. करडीच्या अंगाला नदीकाठी आमचं गाव. शाळेत एक दिवस गेले नाही. मोहाडीच्या बाजारात मासे विकायची. तिथं एका शहाण्यानं मला एक कागद वाचून दाखवला आणि त्यात नव्हतं तेच वाचलं. पुढच्या आठवड्यापासून मी मिठाच्या पुड्यावरची अक्षरं ओळखायला लागले. मग एसटीच्या पाट्या, मग मासे गुंडाळायच्या रद्दीतल्या बातम्या. कोणी शिकवलं नाही. वर्षभरानं तोच कागद त्याच माणसासमोर मी मोठ्यानं वाचला, सगळा बाजार ऐकत असताना.

तेव्हापासून तो दुसऱ्या बाईकडून मासे घेतो.

*

देवराम मोटारसायकल आणायला म्हणून नागपूरला गेला होता. जुनी का होईना, पण मोटारसायकल. मासे घेऊन वरठीपर्यंत सायकल मारून त्याचे गुडघे गेले होते. तिथं स्टेशनजवळ कारखान्यातले लोक सुट्टी झाली की मासे घेतात. वेणूनं अंगण सारवलं, गाडीच्या पूजेसाठी नारळ आणून ठेवला.

संध्याकाळी देवराम चालत आला. मोटारसायकल नाही. खिशातून एक डबी काढली, डबीतून फोन काढला, काळाभोर, आरशासारखा. कंपनीचा सगळ्यात वरचा मॉडेल, म्हणाला. दुकानदारानं खास त्याच्यासाठी काचेच्या कपाटातून काढून दिला, किंमत कमी करून. पाण्यात पडला तरी काही होत नाही. फोटो असा येते का चंद्रावरचे खड्डे दिसतेत.

सगळी आळी पाहायला आली. कोणी हात लावायचं धाडस करेना.

वेणूनं नारळ उचलून आत ठेवला आणि एवढंच विचारलं, "यावर डबलसीट बसता येते का?"

पुढं तिनं स्वतः शिवणकाम करून सगळ्यात स्वस्तातला एक फोन घेतला. तो घेतल्यावर महिनाभरात तिच्या हातून उंबऱ्यावर पडला. देवराम म्हणाला, स्वस्ताचं असंच असते.

*

आता आमच्या घाटाचा कायदा सांगते, कारण सगळं भांडण त्यावर आहे.

नदीत जाताना सगळे आपापले फोन काठावर माझ्यापाशी ठेवतात, स्टीलच्या डब्यात. धारेवर एकच फोन जातो. तो लोणच्याच्या बरणीत घालायचा, झाकण आवळायचं आणि बरणी पहिल्या डोंग्याच्या काठाला बांधायची. पूर्वी पाळी असायची. आज किसनचा, उद्या फागोचा. दोघांचे फोन बटनाचे, गरीब. पण देवरामचा फोन आला आणि पाळी संपली. सगळ्यात भारी फोन तोच पुढं जाणार, हे कोणी ठरवलं नाही, आपोआप ठरलं.

किसन म्हणायचा, "आता आपल्या डोंग्यात आमदार बसला गा!"

फोन न्यायचाच कशाला, असं कोणी विचारेल. त्याचं कारण असं, की आमच्याकडं पूर पावसानं येत नाही. इथं ऊन असतं, कपडे वाळत असतात आणि पाणी वरून येतं. वरच्या धरणाची दारं उघडली, की दोन-चार तासांत नदी फुगते. आता अधूनमधून बरणी उघडून कोणाचा फोन येऊन गेला का ते पाहता येतं, माझ्या नवऱ्याच्या काळी ते कळायला काही नव्हतं. एकदा तो आणि त्याचा जोडीदार दीड दिवस बाभळीच्या झाडावर बसून होते. परत आला तेव्हा अंगात काटे होते. पुढची कित्येक वर्षं कुठंही गेला, की आधी झाड पाहून ठेवायचा. लग्नाच्या मांडवातसुद्धा!

*

उन्हाळ्याच्या शेवटी एका दुपारी मी काठावर बसले होते. वेणू धुणं धूत होती, तिचा फोन दगडावर. अचानक तो असा किंचाळला, की वेणूच्या हातची चादर पाण्यात गेली. गावातूनही तसाच आवाज. चार-पाच घरांतून एकदम. मला वाटलं, कोणाच्या तरी घरी बाई वारली.

फोन उचलून मी वाचलं. शासनाची चाचणी होती. पूर आला, वीज पडणार असली, की असाच भोंगा वाजेल, घाबरू नका, असं लिहिलं होतं. मी घाबरूनच वाचलं.

मग डोक्यात आलं, नदीत काय झालं असेल? तीन डोंगे वळणापाशी होते. मी वाट पाहत राहिले. ती माणसं आली ती गाणी म्हणत. त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. बरणीतल्या आमदारानं तोंड उघडलं नव्हतं.

"डब्यातले बटनवाले बी वाजले नाही ना?" देवराम म्हणाला. "मंग?"

"बटनवाल्यांची गोष्ट वेगळी. तुहा त सगळ्यात वरचा आहे ना? वेणूचा काहून वाजला?"

तर देवराम काय म्हणाला असेल? म्हणाला, "मोठे फोन बारीकसारीक गोष्टीवर ओरडत नाहीत, माय. साहेब लोक ओरडतेत का?"

फागो इतका हसला, की डोंग्यातून उतरताना पडला. मी त्या दिवशी जेवले नाही.

*

बाजाराच्या दिवशी मी देवरामच्या फोनला रुमालात बांधून मोहाडीला नेलं. त्याला सांगितलं, फोटो पाहायचा आहे. खोटं बोलले. तेही या फोनपायी.

मोहाडीत पिंटूचं मोबाइलचं दुकान आहे. पोरगा हुशार, पण म्हातारी माणसं दिसली की मोठ्यानं बोलतो, जणू आम्ही नदीच्या पलीकडं उभे आहोत. मी म्हटलं, "हळू बोल, मले ऐकू येते. हा काहून बोंबलत नाही ते सांग."

त्यानं बोटं फिरवली, इकडं गेला, तिकडं गेला. भोंग्याची सोय जिथं असते तिथं काहीच नव्हतं. मग त्यानं एक पान उघडून फोन माझ्यासमोर धरला. मी वाचलं, 'तुमचे डिव्हाइस अद्ययावत आहे.'

"म्हणजे सगळं ठीक आहे ना?" मी म्हटलं.

"तसं नाही, आजी. कंपनीनं ह्या मॉडेलले नवीन सॉफ्टवेअर देणं बंद केलं. आता काही येणारच नाही, म्हणून तो म्हणते, सगळं आलेलं आहे."

मी ते पान पुन्हा वाचलं. वरून काहीच मिळत नाही आणि विचारलं तर सगळं ठीक आहे म्हणतो. अशा बाया मी सासरघरी लय पाहिल्या आहेत. असा फोन पहिल्यांदाच पाहिला.

वेणूच्या फोनला मात्र दर महिन्या-दोन महिन्याला काही ना काही येतं. तो मागतच राहतो, अपडेट करा, अपडेट करा. पिंटू म्हणाला, तो यंदाचा आहे, त्याला अजून बरीच वर्षं मिळेल. आणि देवरामचा कपाटात पडून पडून जुना झाला होता, म्हणून तर स्वस्तात दिला. कंपनी वर्षं मोजते ती मॉडेल निघाल्यापासून, घेतल्यापासून नाही. भोंग्याचंही बहुतेक त्यामुळंच, म्हणाला.

"पण महाग होता ना?" मी विचारलं.

"होता ना, आजी."

त्यानं फोन परत माझ्या रुमालावर ठेवला.

*

मी काही तशी परत येणारी नाही. पिंटूला म्हटलं, कंपनीला फोन लाव. त्यानं लावला. बराच वेळ बाजा वाजला, मग एक बाई आली. हिंदीत बोलली, गोड आवाजात. आम्ही तिचे प्रीमियम ग्राहक आहोत, असं तिनं मला तीनदा सांगितलं.

मी माझ्या हिंदीत विचारलं, "बाई, सस्तेवाले को देते, महंगेवाले को काहे नहीं देते?"

ती म्हणाली, "मॅडम, आपका मॉडल पुराना हो गया है। आप नया मॉडल ले लीजिए।"

मी म्हटलं, "मेरा लडका भी चालीस साल का हो गया। उसका भी मॉडल पुराना है। बदल के देते क्या?"

तिकडं बाई हसली. माणूसच होती बिचारी. मग हळू आवाजात म्हणाली, "माताजी, मैं कुछ नहीं कर सकती।"

परत येताना एसटीत मला तिचा राग आला नाही. भीती वाटली. करू शकणारं माणूस कोण आहे, तेच कोणाला माहीत नव्हतं.

*

देवरामला सांगितलं, तर त्याचा विश्वास बसेना. पिंटू जळतो, म्हणाला. त्याच्या दुकानातून घेतला नाही म्हणून जळतो.

मग रोवणा लागला. वेणू आणि मी दुसऱ्याच्या बांधीत धान लावायला गेलो होतो, आणखी आठ-दहा बाया. वेणूचा फोन प्लास्टिकच्या पन्नीत गुंडाळून कमरेला. वर ऊन होतं, एका बाजूनं जरा काळं. अकरा-साडेअकराला तो भोंगा वाजला. मी चिखलाच्या हातानंच वाचलं, वीज पडणार, आडोशाला जा. सगळ्या जणी धानाची रोपं टाकून मोटारघराकडं पळालो.

बांधीतून नदी दिसते. तिन्ही डोंगे मधोमध होते. आम्हाला पळताना पाहून फागो तिथून हात हलवत होता. नंतर कळलं, तो देवरामला विचारत होता, बायांच्या मागं वाघ लागला का.

वेणूनं नवऱ्याला फोन लावला. रिंग गेली. उचलला नाही. पुन्हा लावला. बरणी बंद, वर धारेचा आवाज, रिंग कोणाला ऐकू येणार? तो भोंगा असता तर बरणीचं झाकण फाडून ऐकू आला असता. आम्ही दारात उभ्या राहून ओरडलो, लुगड्याचे पदर हलवले. तिकडून त्यांनी गमछे हलवले. वेणूनं अकरा वेळा फोन लावला. बाराव्यांदा लावत होती, तेव्हा काठावरचं शिंदीचं झाड पेटलं.

शेवटच्या डोंग्यापासून शंभर पावलांवर.

ते आले तेव्हा किसनचे दात वाजत होते. देवरामनं बरणी उघडली. फोनवर अकरा मिस्ड कॉल आणि वरच्या कोपऱ्यात पिवळा सूर्य.

त्यानं फोन खिशात टाकला आणि बरणी तिथंच सोडली. मला वाटलं, सुटलो आता.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहते, तर तोच फोन, तीच बरणी. फक्त त्यानं काच पुसून घेतली होती.

*

आणि मग भाद्रपदातली ही सकाळ.

आदल्या दिवशी वरच्या मुलखात खूप पाऊस झाला, असं बालाघाटकडून आलेला एक मेंढपाळ सांगून गेला होता. धरणाची दारं उघडली, असं कोणी म्हटलं नव्हतं. उघडणार नाहीत, असंही कोणी म्हटलं नव्हतं. घरात थांबा म्हटलं, तर चार दिवस जाळं टाकलं नव्हतं आणि वर ऊन होतं. माणूस ऊन पाहतो.

मी वेणूचा फोन घेऊन घाटावर गेले आणि सुरुवात केली. काय काय बोलले ते सगळं सांगत नाही. पिंटूचं सांगितलं, त्या बाईचं सांगितलं, बापाच्या अंगातले काटे काढून दाखवायचे बाकी होते. देवराम किंमत सांगत राहिला. मी आवाज चढवला, त्यानंही चढवला.

"दोन्ही ने," मी म्हटलं.

"दुसरा कायले? पहिला बिघडला का, असं विचारतीन."

"मंग सांग बिघडला म्हून."

"बिघडला नाही तो!" देवराम ओरडला. एवढ्या भांडणात तेवढंच तो ओरडला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "माय, सगळ्यासमोर काहून करून राहिली असं?"

मागून फागोनं बायकी आवाज काढला. गुलाबी कव्हर फार शोभून दिसेल डोंग्याला, असं काहीतरी बोलला. किसन हसला नाही, पण हसायच्या तयारीत होता. वेणूनं माझं कोपर धरलं. म्हणाली, "आत्याबाई, राहू द्या. ऐकत नाहीत ते."

मी देवरामकडं पाहिलं. तो अंगठ्यानं फोनची काच पुसत होता. ओल्या हातानं, सारखी. एवढ्या दिवसांत त्यावर एक ओरखडा नव्हता. मला एकदम दिसलं, की या फोनआधी घाटावर माझ्या पोराला कोणी काही विचारत नव्हतं. मोटारसायकलवाला मुलगा त्याला व्हायचं होतं, ते झालं नाही. आमदार झाला. आता मी, त्याची माय, चार माणसांसमोर त्याला डोंग्यातून उतरवत होते आणि तो उतरणार नव्हता. फोन घेऊन जाणार होता. मी जितकं खरं बोलत होते, तितकी त्याची मूठ आवळत होती.

मी आयुष्यात भांडणातून मागं सरले नाही. बाजारात नाही, सासरी नाही. त्या सकाळी पाण्याकडं पाहिलं. काठावरचा जो दगड मी आले तेव्हा कोरडा होता, त्याच्या निम्म्यावर ओल चढली होती.

मी लुगडं खोचलं, पाण्यात उतरले, देवरामच्या जवळ गेले. वेणूचा फोन एका हातात धरला, दुसरा रिकामा हात पुढं केला आणि मागच्या डोंग्यांतही ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हटलं, "एवढा भारी फोन धारेवर कायले नेतं बापा, तो माह्याजवळ जपून ठेवतो, अन् डोंग्यात वेणूचा हा फुटका जाऊ दे, बुडला त बुडला."